भाच्याला विल्सन्स डिसीज निघाला. धाकट्या बहिणीची तपासणी करावी का? औषधांचे अनुभवही हवेत

मुक्ता_वाळवा
नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृतींच्या धाग्यांवर असते, आज वेगळ्याच कामासाठी लिहितेय.

माझ्या बहिणीचा मुलगा १९ वर्षांचा, डिप्लोमाला आहे. त्याला विल्सन्स डिसीज असल्याचं गेल्या महिन्यात कळलं. जेवणातून येणारं जास्तीचं तांबं यकृतातून पित्तावाटे बाहेर पडायला हवं, ते याच्या शरीरात साठत राहतं. आधी यकृतात, मग मेंदूत.

सुरुवात अक्षरापासून झाली. चांगलं वळणदार अक्षर होतं, ते बारीक आणि वेडंवाकडं व्हायला लागलं. मग बोलणं जड झालं, जेवताना लाळ गळायला लागली, चिडचिड वाढली. घरच्यांना वाटलं मोबाइल, मग वाटलं संगत, एकदा तर नशाबिशा करतो का म्हणून कपाट तपासलं. मानसोपचाराच्या गोळ्या सुरू झाल्या, तर अंग जास्तच ताठ व्हायला लागलं. शेवटी चष्म्याचा नंबर काढायला नेलं, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना बुबुळाच्या कडेला तपकिरी-हिरवट कडं दिसलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "लहानपणी कावीळ झाली होती का?" झाली होती, सहावीत असताना. गावात औषध घेतलं, माळ घातली, उतरली. इतक्या वर्षांत त्या काविळीचा आणि या अक्षराचा संबंध कोणी जोडला नव्हता.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध सुरू केल्यापासून हाताची थरथर थोडी वाढल्यासारखी वाटते. असं होतं का? आणि दुसरं, त्याची धाकटी बहीण १४ वर्षांची आहे, शाळेच्या खो-खो संघात आहे, काही म्हणजे काही त्रास नाही. डॉक्टर म्हणतात तिचीही तपासणी कराच. घरातली मोठी माणसं म्हणतात, धडधाकट पोरीच्या मागे दवाखाना कशाला लावायचा, उद्या स्थळं बघताना बोभाटा होईल. ताई आणि भाऊजी आते-मामे भावंडं आहेत, हेही सांगून ठेवते.

वाऱ्याची_वाट
वाचतेय. भाचा लवकर बरा होऊ दे. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा.

डॉ_कडुनिंब
मुक्ताताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात वेळ घालवू नये. बहिणीची तपासणी करा. याच महिन्यात करा.

आई आणि वडील दोघांकडून एटीपी७बी या जनुकाची बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. म्हणजे सख्ख्या भावंडाला तो असण्याची शक्यता चारात एक. लॉटरीत कोणी अशी शक्यता सांगितली तर आपण सगळे तिकीट काढू. पोरगी खो-खो खेळते यावरून तिच्या यकृतातलं तांबं कळत नाही. ते वर्षानुवर्षं गुपचूप साठतं. आणि याच टप्प्यावर सापडलं तर पुढचं सगळं टळू शकतं. दुर्मीळ आजारांत असं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं. बहुतेकांना नाव कळतं, औषध नसतं. इथे औषध आहे.

काय काय तपासतात: रक्तातलं सेरुलोप्लाझ्मिन (तांबं वाहून नेणारं प्रथिन), यकृताच्या नेहमीच्या चाचण्या, २४ तासांच्या लघवीतलं तांबं, आणि स्लिट लॅम्पखाली (डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) डोळे. सेरुलोप्लाझ्मिन साधारण दर डेसिलिटरला २० ते ४० मिलिग्रॅम असतं. १० च्या खाली गेलं तर संशय फार बळावतो. मधल्या आकड्यांवर भांडू नका. ज्यांच्यात एकच बिघडलेली प्रत आहे, त्यांचंही थोडं कमी येऊ शकतं आणि त्यांना आजार नसतो. उलट अंगात जंतुसंसर्ग असेल किंवा बाई गरोदर असेल तर खऱ्या रुग्णाचंही नॉर्मल दिसू शकतं. तुमच्या भाच्याच्या जनुकातला नेमका बदल सापडला असेल तर बहिणीत तोच शोधला की प्रश्न मिटतो.

डोळ्यातलं कडं नाही म्हणून निर्धास्तही होऊ नका. मेंदूची लक्षणं असलेल्या जवळजवळ सगळ्यांत ते दिसतं, पण फक्त यकृताचा त्रास असलेल्यांपैकी साधारण निम्म्यांतच.

आता थरथर. होय, पेनिसिलामाइन सुरू केल्यावर काही रुग्णांत मेंदूची लक्षणं आधी वाढतात. म्हणून डोस थोडा थोडा वाढवत नेतात. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टना आजच कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. पण औषध स्वतःहून बंद करू नका. मध्येच सोडल्यावर यकृत निकामी झालेले रुग्ण असतात.

तिफण
डॉक्टर, एक शंका. आमच्या घरी रोज रात्री तांब्याच्या कळशीत पाणी भरून ठेवतात आणि सकाळी सगळे तेच पितात. आता ती कळशी माळ्यावर टाकायची का?

डॉ_कडुनिंब
@तिफण, निरोगी माणसाचं यकृत जास्तीचं तांबं बाहेर टाकतं. त्या पाण्याने विल्सन्स होत नाही, तो जन्मतः असतो. मात्र ज्याला हा आजार आहे त्याने तांब्या-पितळेच्या भांड्यातलं पाणी अजिबात घेऊ नये. कलेजी, शिंपल्या, मश्रूम, चॉकलेट, काजू-अक्रोड हेही टाळायला सांगतात, निदान पहिलं वर्षभर तरी. पण नुसत्या पथ्याने हा आजार आटोक्यात येत नाही. औषध लागतंच, आणि जन्मभर लागतं.

पेठकर
आते-मामे लग्नं थांबली पाहिजेत, एवढंच म्हणतो. सगळ्याचं मूळ तिथे आहे. हे माझं वैयक्तिक मत.

केतकी_वन
@पेठकर, माझ्या मुलाला विल्सन्स आहे. मी कोकणातली, नवरा नागपूरचा, सात पिढ्यांत नातं नाही. नव्वदात एक माणूस या जनुकाची एक प्रत घेऊन फिरत असतो असं आम्हाला समुपदेशनात सांगितलं. दोन अनोळखी माणसंही योगायोगाने अशी एकत्र येतात.

नात्यातल्या लग्नात धोका वाढतो हे खरं आहे आणि पुढच्या पिढीने त्याचा विचार करावाच. पण आज ज्या बाईचं पोर आजारी आहे तिच्यासमोर हे वाक्य टाकून काय साधतं? मला सासरी दोन वर्षं ऐकावं लागलं की हे "तुमच्याकडून आलं". आजार दोघांकडून येतो. तुम्हाला वाईट वाटावं म्हणून लिहीत नाही, मुक्ताच्या ताईने हा धागा वाचला तर तिला हे माहीत असावं म्हणून लिहितेय.

पेठकर
@केतकी_वन, मान्य. माझा रोख त्या माउलीवर नव्हता, पण तसं वाटण्यासारखं होतं खरं.

चंद्रभागेतीर
मुक्ताताई, मी स्वतः विल्सन्सचा रुग्ण आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला माझं निदान झालं. पेनिसिलामाइन सुरू केलं आणि सुरुवातीचे काही महिने फार वाईट गेले. आधी थरथर होती, मग पाणी पिताना पेला सांडायला लागला. आई म्हणायची, औषधानेच बिघडवलं पोराला. डॉक्टरांनी डोस कमी करून पुन्हा हळूहळू वाढवला. जवळजवळ वर्षभराने पहिल्यांदा जाणवलं की सही पूर्वीसारखी येतेय. बोलणं त्याहून उशिरा सुधारलं. अजूनही दमलो की जीभ जड होते.

डॉक्टरांकडे सांगायला नेहमीच वेळ नसतो, म्हणून काही व्यवहारी गोष्टी सांगतो. गोळी उपाशीपोटी घ्यायची, म्हणजे जेवणाच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी. दुधाबरोबर, नाश्त्याबरोबर घेतली तर औषध नीट शोषलं जात नाही. आमच्या घरी पहिले दोन आठवडे चहा-चपातीबरोबर चाललं होतं. सोबत बी६ ची गोळी लागते. रक्त आणि लघवी ठरलेल्या तारखांना तपासायची, कारण या औषधाने लघवीतून प्रथिनं जाऊ शकतात आणि प्लेटलेट कमी होऊ शकतात. अंगावर पुरळ, ताप आला तर लगेच फोन करायचा.

आणि सगळ्यात कठीण काळ बरं वाटायला लागल्यावर येतो. होस्टेलवर माझ्यासोबत उपचार घेणाऱ्या एकाने "आता काहीच होत नाही" म्हणून गोळ्या सोडल्या. तो गेला. भाच्याला ही गोष्ट तुम्ही सांगू नका, त्याला माझ्याशी बोलायचं असेल तर मी सांगेन. व्यक्तिगत निरोप करा.

आज नोकरी आहे, लग्न झालंय, मुलगी बालवाडीत जाते.

वाऱ्याची_वाट
@चंद्रभागेतीर, शेवटची ओळ वाचून फार बरं वाटलं.

जुनी_पाने
यावर पूर्वी बरंच वाचलं होतं. १९१२ साली लंडनच्या किनिअर विल्सन यांनी यकृत आणि मेंदू दोन्ही बिघडणाऱ्या या कौटुंबिक आजाराचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव. डोळ्यातलं कडं मात्र त्याआधीच, १९०२-०३ मध्ये कायझर आणि फ्लायशर या जर्मन डॉक्टरांनी पाहिलं होतं. तेव्हा उपचार शून्य. विल्सन यांच्या काळात निदान म्हणजे मृत्यूची तारीख सांगण्यासारखं होतं.

औषध आणलं जॉन वॉल्श यांनी. पेनिसिलीन घेणाऱ्या रुग्णांच्या लघवीत त्यांना पेनिसिलामाइन सापडलं होतं. पुढे विल्सन्सचा रुग्ण समोर आला, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की या रेणूची रचना तांब्याला पकडून लघवीवाटे बाहेर नेण्याजोगी आहे. माणसाला ते दिलं तर काय होईल याची माहिती नव्हती, म्हणून एक ग्रॅम त्यांनी आधी स्वतः घेतलं आणि मग रुग्णाला दिलं. १९५६ साली ते प्रसिद्ध झालं. ज्यांना पेनिसिलामाइन सोसत नाही त्यांच्यासाठी ट्रायएंटीनही पुढे त्यांनीच आणलं. एकाच माणसाने एका दुर्मीळ आजाराची दोन औषधं शोधावीत, यापुढे मला तरी हात जोडावेसे वाटतात.

हडसनकाठ
ट्रायएंटीनचा विषय निघालाच आहे तर. माझ्या दिराला पेनिसिलामाइनने मूत्रपिंडाचा त्रास झाला, म्हणून तो ट्रायएंटीनवर आहे, इथे न्यू जर्सीत. अमेरिकेत मधल्या काही वर्षांत या जुन्या औषधाचा भाव कित्येक पटींनी चढवला गेला. विमा असूनही दर महिन्याला पोटात गोळा यायचा. दुर्मीळ आजाराच्या रुग्णाला दुसरीकडे जाता येत नाही, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं. भारतात जे औषध वेळेवर आणि परवडणाऱ्या भावात मिळतंय ते अखंड चालू ठेवा, आणि घरात निदान महिन्याचा साठा ठेवा.

मुठेकाठी
अवांतर आहे, पण तिफण यांच्या कळशीवरून आठवलं.

विल्सन्सशी संबंध नसलेला, पण तांब्याचाच एक आजार आपल्याकडे होता: लहान बाळांचा 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस'. सहा महिन्यांपासून पुढची बाळं, पोट फुगायचं, यकृत दगडासारखं लागायचं, आणि बहुतेक दगावायची. एकाच घरात एकामागून एक मुलं जायची, म्हणून लोक शापबिप म्हणायचे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित, डॉ. शीला भावे आणि ब्रिटनचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. बाळांना वरचं दूध कुठल्या भांड्यात तापवून देतात, हे त्यांनी घरोघरच्या आयांना विचारलं. पितळेची, तांब्याची भांडी, आतून कल्हई नसलेली. दूध तांबं ओढून घेतं आणि ते बाळाच्या पोटात जातं. हे काम १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं. भांडी बदलली, स्टील आलं, आणि आजार जवळजवळ नाहीसा झाला. लवकर सापडलेल्या काही बाळांना हेच पेनिसिलामाइन देऊन वाचवता आलं.

मला या संशोधनाचं फार कौतुक आहे, कारण त्याचा कणा म्हणजे आयांना नीट विचारलेले प्रश्न होते.

तिफण
@मुठेकाठी, माझी आजी कल्हईवाल्याला ओट्यावर बसवून जेवायला वाढायची आणि कल्हई केल्याशिवाय पातेलं चुलीवर चढू द्यायची नाही. आता तिला घरात बालरोगतज्ज्ञाचा मान द्यावा लागणार :)

सह्यकडा
सगळं ठीक आहे, पण मला राग येतो. लाळ, अक्षर, चिडचिड, कावीळ, एवढं समोर असताना एकालाही सुचू नये? फॅमिली डॉक्टर मग असतात कशाला?

गावचा_दवाखाना
@सह्यकडा, राग समजतो. मी तालुक्याच्या गावी जनरल प्रॅक्टिस करतो. हा आजार साधारण तीस हजारांत एकाला. माझ्यासारख्याला उभ्या कारकिर्दीत एखादा भेटेल, तोही यकृताचा म्हणून एकदा आणि डोक्याचा म्हणून आठ वर्षांनी, तेही वेगवेगळ्या डॉक्टरांकडे. मुक्ताताईंच्या भाच्याची कावीळ एका गावात झाली, अक्षर दुसऱ्या शहरात बिघडलं. एकाही डॉक्टरने पूर्ण मुलगा पाहिलेला नाही.

जुने कागद फेकू नका, हे मी प्रत्येक पेशंटला सांगतो ते यासाठीच. जुन्या रिपोर्टची एक पिशवी, तारखेवार, प्रत्येक नव्या डॉक्टरपुढे ठेवा. आणि आमच्यापैकी प्रत्येकाने एक खूणगाठ बांधावी: तरुण माणूस, यकृताची कुठलीही जुनी तक्रार, आणि सोबत हालचालीत किंवा वागण्यात बदल, असं असेल तर तांबं तपासल्याशिवाय मानसिक म्हणून सोडायचं नाही. स्लिट लॅम्प तर आता तालुक्यातल्या डोळ्यांच्या दवाखान्यातही असतो. महागडं काहीच लागत नाही.

सह्यकडा
@गावचा_दवाखाना, "एकाही डॉक्टरने पूर्ण मुलगा पाहिलेला नाही" हे पटलं. वाचनखूण साठवली.

सायली_पनवेल
वेगळा आजार आहे, पण निदानाची गोष्ट सांगावीशी वाटते.

माझी लेक पाच-सहा वर्षांची असल्यापासून चवड्यावर, पाय आत वळवून चालायची. सेरेब्रल पाल्सी असं निदान झालं, फिजिओथेरपी, बूट, सगळं केलं. दर संध्याकाळी तिला उचलून घ्यावं लागायचं आणि मला वाटायचं, दिवसभर खेळून दमली असेल. मग एका बालमेंदूतज्ज्ञांनी विचारलं, "सकाळी उठल्यावर कशी चालते? आणि संध्याकाळी?" दोन्ही वेळचे व्हिडिओ मागितले. सकाळी ती जवळजवळ सरळ चालत होती! त्यांनी लेव्होडोपाचा अगदी छोटा डोस देऊन पाहिला, आणि थोड्याच दिवसांत ती जिना उतरून एकटी खाली गेली. मी जिन्यात उभी राहून रडले.

डोपा-रिस्पॉन्सिव्ह डिस्टोनिया म्हणतात, जपानच्या डॉ. सेगावा यांच्या नावानेही ओळखतात. मेंदूत डोपामिन पुरेसं तयार होत नाही, रात्रीच्या झोपेनंतर थोडं बरं असतं आणि दिवस सरतो तसा त्रास वाढतो. सेरेब्रल पाल्सी म्हटलेल्या प्रत्येक मुलाला हा असतो असं अजिबात नाही. पण ज्या मुलाचा त्रास सकाळ-संध्याकाळ बदलतो, त्याच्या आई-बापांनी व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावेत.

निळावंती
सायली, अंगावर काटा आला. लेकीला खूप प्रेम.

माझ्या आईची पापणी अशीच संध्याकाळी मिटायची, वयाने असेल म्हणत होतो. मायस्थेनिया, म्हणजे स्नायू लवकर थकण्याचा आजार निघाला. डॉक्टरांनी पापणीवर बर्फाची पिशवी ठेवली आणि काही मिनिटांत डोळा उघडला. घरी करून निदान करू नका, पण ही वेळेची गोष्ट डॉक्टरांना जरूर सांगा.

ओवीकर
मुक्ताताई, ऍलोपथीसोबत यकृतासाठी आयुर्वेदिक काही चालू करता येईल का? आमच्याकडे काविळीला फार गुण येतो.

वैद्य_अश्वगंधा
@ओवीकर, मी वैद्य आहे म्हणून मीच उत्तर देतो. यकृताच्या काही जुन्या कल्पांत ताम्रभस्म असतं. म्हणजे तांबंच. विल्सन्सच्या रुग्णाला ते चुकूनही देऊ नये. कोणाकडे काविळीची पुडी घ्यायला गेलात तर घटक विचारा, सांगत नसतील तर घेऊ नका. या आजारात माझा सल्ला एकच: न्यूरॉलॉजिस्टचं औषध अखंड, आणि माझ्यासारख्याकडे आलात तर आहार-झोपेपुरतं.

केतकी_वन
मुक्ता, पैशांबद्दल एक. केंद्राचं दुर्मीळ आजारांचं धोरण २०२१ साली आलं, त्यातल्या ठरावीक आजारांसाठी ५० लाखांपर्यंत मदत मिळते आणि ती नेमलेल्या केंद्रांतूनच. मुंबईचं केईएम त्यातलं एक. तुमच्या भाच्याला त्यातलं काय लागू होतं ते तिथल्या विभागात जाऊन विचारा. बंगळुरूच्या निम्हान्समध्येही या आजाराचा अनेक दशकांचा अनुभव आहे. त्यांनी २००७ साली २८२ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला होता. दुसरं मत हवं असेल तर सांगलीकडून बंगळुरू तसं सोयीचं पडेल.

मुक्ता_वाळवा
सगळ्यांचे मनापासून आभार. उशिरा लिहितेय, मध्ये धावपळ होती.

केतकीचा "दोघांकडून येतो" हा प्रतिसाद मी ताईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही, फोन मागून घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग संध्याकाळी तिनेच आप्पांना सांगितलं की पोरीची तपासणी होणार. आप्पा म्हणाले, स्थळ बघताना बोभाटा होईल. भाऊजी म्हणाले, "होऊ दे. पोरगी असली तर स्थळ."

तपासणी झाली. सेरुलोप्लाझ्मिन ८, २४ तासांच्या लघवीतलं तांबं वाढलेलं, यकृताचं एसजीपीटी थोडं वर, डोळ्यात कडं नाही. भावाच्या जनुकातला बदल तिच्यातही दोन्ही प्रतींत सापडला. म्हणजे तिलाही आहे. लक्षणं एकही नाहीत, सोनोग्राफीत यकृत ठीक. डॉक्टरांनी तिला पेनिसिलामाइन न देता झिंकवर ठेवायचं ठरवलंय. झिंकमुळे आतड्यातच तांबं अडकून राहतं आणि शौचावाटे निघून जातं, असं समजावलं. खो-खो चालू ठेव म्हणाले.

भाच्याचा डोस कमी करून पुन्हा हळूहळू वाढवतायत. मानसोपचाराच्या ज्या गोळीने अंग ताठायचं ती बदलली. चंद्रभागेतीर, तो तुमच्याशी बोलला, तासभर. काय बोलला ते आम्ही विचारलं नाही.

आता एकच शंका. दोघांची २४ तासांची लघवी पुन्हा द्यायची आहे. घरच्या स्टीलच्या भांड्यात साठवून मग डब्यात ओतलं तर चालेल का?

डॉ_कडुनिंब
मुक्ताताई, या धाग्यावरची ही सगळ्यात महत्त्वाची बातमी. तिला लक्षणांआधी गाठलंत.

घरची भांडी नकोत, धातूची तर नकोतच. प्रयोगशाळेकडून तांब्याच्या तपासणीसाठीचा प्लॅस्टिकचा कॅन मागा, साधा डबा देत असतील तर तसं सांगून बदलून घ्या. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, ती वेळ कॅनवर लिहायची, तिथून दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंतची सगळी जमा करायची, दुसऱ्या सकाळची धरून. एखादी चुकली तर आकडा खोटा येतो, त्या दिवशी सोडून पुन्हा करा. मुलांना शाळा-कॉलेज असतं, म्हणून रविवार धरा. औषध चालू ठेवून करायची की दोन दिवस थांबवून, हे दोघांच्या बाबतीत वेगळं असू शकतं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

मुक्ता_वाळवा
रविवारी करतो. सोमवारी कॅन घेऊन मीच जाईन, रिपोर्ट आला की इथे टाकते.